बोल्ट ॲक्शन रायफलवर स्कोपची रेल: निवड, मापं आणि बसवणी

रेंजवर कुणी नवा स्कोप (रायफलवरची दुर्बीण) आणला की सगळे आधी मॅग्निफिकेशन विचारतात, मग किंमत. तो कशावर बसवलाय हा प्रश्न सहसा निघतच नाही. पुढे ग्रुप (कागदावर गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) पसरायला लागले की दोष काडतुसांना, बॅरलला, नाहीतर नेमबाजाच्या श्वासाला दिला जातो. माझं म्हणणं सरळ आहे: पैसे आणि वेळ दोन्ही आधी रेलवर, म्हणजे रायफलच्या माथ्यावर स्कोप धरणाऱ्या पट्टीवर, घाला, स्कोपचं नंतर बघा. नीट बसलेल्या रेलवर मध्यम किमतीचा स्कोपही वर्षानुवर्षं झिरो (नेम तिथेच गोळी, ही जुळवणी) धरून ठेवतो. रेल मुरगळलेली असेल तर महागडा स्कोपही ताणाखाली राहतो आणि ऊन-गारव्याप्रमाणे मार बदलत जातो.

कोल्हापूरकरांना या कामात एक सोय आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांमुळे डायल गेज, फीलर गेज, सरफेस प्लेट ही नावं इथल्या घराघरात माहीत आहेत. रेल निवडताना हीच हत्यारं लागतात.

आधी ठरवा: रेल लागणार आहे का?

तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. दोघांच्याही रायफलवर स्कोप नव्हता. ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल प्रकारांत दुर्बीण लावायला परवानगीच नाही. ॲपर्चर साइटनं, म्हणजे बारीक भोकातून बघून, नेम धरायचा असतो. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिमी व्यासाचं असतं, आणि ही मंडळी ते दुर्बिणीशिवाय गाठतात.

म्हणून तुमचा मुलगा किंवा मुलगी या प्रकारांच्या तयारीसाठी रेंजवर जाऊ लागली असेल, तर पिकॅटिनी (आडव्या खाचांच्या, ठरावीक मापाच्या) रेलवर एक रुपयाही घालवू नका. त्या रायफलच्या रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात चालतो त्या मधल्या भागावर) 11 मिमीचा डोव्हटेल (दोन्ही कडांना लांब खाचे) असतो, ॲपर्चर साइट त्यावर सरकवून बसते. बाकी प्रशिक्षक सांगतील तसं.

रेल लागते ती बेंचवरून .22 नं 50 आणि 100 मीटरवर बारीक ग्रुप काढणाऱ्यांना, किंवा परवान्यावरच्या मोठ्या बोअरच्या रायफलनं लांबच्या रेंजवर सराव करणाऱ्यांना. चंदगड, आजरा, राधानगरी भागात पीक संरक्षणाचे परवाने बरेच आहेत, पण तो वेगळा विषय. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि हा लेख फक्त टार्गेटवरच्या नेमबाजीचा आहे.

कायद्याची बाजू

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचा धंदा करायला परवाना लागतो. रिसीव्हरला भोक पाडून आटे काढणं हे याच प्रकारचं काम. ओळखीचा मिलिंगवाला कितीही कसबी असला तरी रायफल त्याच्या शॉपमध्ये न्यायची नाही. ते काम परवानाधारक गनस्मिथकडेच. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा, काम नंतर करा. सुटी रेल मात्र धातूची पट्टी आहे. ती एकटीच घेऊन शॉपमधल्या सरफेस प्लेटवर सपाटी तपासून आणायला काहीच हरकत नाही. मी तर सांगेन, नक्की आणा.

आणखी एक. रेल बसल्यावर रिसीव्हरवरचा नंबर झाकला जाता कामा नये. परवान्याच्या तपासणीत तो दिसावाच लागतो.

पहिली पायरी: रिसीव्हर वाचा

मॅगझीन काढा, बोल्ट बाहेर काढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानं चाचपा. पुढच्या प्रत्येक कामाआधी हे पुन्हा करायचं. मग रायफल पॅडवर आडवी ठेवून रिसीव्हरचा माथा चांगल्या उजेडात बघा. साधारण तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

एक, माथ्यावर दोन्ही कडांना लांब खाचे. हा डोव्हटेल. जुन्या ब्रनो .22 पासून ॲन्शुट्झसारख्या टार्गेट रायफलींपर्यंत बऱ्याच ठिकाणी असतो. त्याला सरसकट 11 मिमी म्हणतात, पण काही रायफलींवर तो प्रत्यक्षात 9.5 मिमी, म्हणजे 3/8 इंचाचा निघतो, आणि खाच्याचा कोनही सगळीकडे सारखा नसतो. व्हर्निअर कॅलिपरनं वरची रुंदी मोजा आणि तोच आकडा विक्रेत्याला सांगा.

दोन, माथ्यावर छोट्या आंधळ्या स्क्रूंनी बुजवलेली भोकं, बहुधा पुढे दोन आणि मागे दोन. ही रेलसाठी कारखान्यातूनच दिलेली असतात. भोकांमधली अंतरं मोजून लिहून ठेवा. उदाहरणार्थ, रेमिंग्टन 700 च्या पद्धतीत पुढच्या दोन भोकांत 0.860 इंच (21.8 मिमी) आणि मागच्या दोनांत 0.605 इंच (15.4 मिमी) अंतर असतं. त्यातही शॉर्ट ॲक्शन आणि लाँग ॲक्शनच्या रेल वेगळ्या. रिसीव्हरच्या माथ्याचा पुढचा आणि मागचा भाग (ब्रिज) एका उंचीचे नसतील तर रेलचा तळ त्याच फरकानं घडवलेला असावा लागतो. म्हणून ‘सगळ्या रायफलींना बसते’ असं लिहिलेली रेल घेऊ नका.

तीन, काहीच नाही. आपल्याकडची .315 स्पोर्टिंग रायफल ली-एन्फिल्डच्या धाटणीवर बांधलेली. या धाटणीत रिसीव्हरच्या माथ्यावर लांब सरळ रेल टेकवायला सोयीची जागा मुळातच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर 4 (टी) या स्नायपर रायफलवरही स्कोपचा ब्रॅकेट रिसीव्हरच्या डाव्या अंगाला पॅड लावून बसवत. तुमच्या हातात असली रायफल असेल तर बाजूचा माउंट आणि कुशल गनस्मिथ, हाच मार्ग. अंगभूत साइटवरच समाधान मानणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे.

दुसरी पायरी: पिकॅटिनी, वीव्हर की नुसता डोव्हटेल

पिकॅटिनी रेल 1995 मध्ये अमेरिकी लष्करी मानक 1913 म्हणून ठरली. माथ्याची रुंदी 21.2 मिमी, खाचा 5.23 मिमी रुंद आणि 3 मिमी खोल, एका खाच्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 10.01 मिमी. वीव्हर त्याहून जुनी. तिचे खाचे 4.57 मिमीचे, आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं नाही. म्हणून वीव्हरची रिंग (स्कोपची नळी धरणारी कडी) पिकॅटिनीवर बसते, पण पिकॅटिनीच्या रिंगचा जाड आडवा बोल्ट वीव्हरच्या खाच्यात शिरेलच असं नाही. बाजारात ‘पिकॅटिनी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त रेलचे खाचे कॅलिपरनं मोजा. पाच-सहा खाचे मोजले की माल कसा आहे ते कळतं.

नवी खरेदी असेल तर पिकॅटिनीच घ्या. खाचे जवळजवळ असल्यानं रिंगा पुढे-मागे करायला वाव मिळतो, आणि डोळ्यापासूनचं अंतर जुळवताना तोच उपयोगी पडतो.

.22 ला अंगचा डोव्हटेल असेल आणि 50 मीटरच्या पुढे जायचंच नसेल, तर मात्र डोव्हटेलवर थेट बसणाऱ्या रिंगा उत्तम. स्कोप खाली बसतो, वजन वाचतं, मधला एक सांधा कमी होतो. .22 चा धक्का इतका कमी की त्या सरकत नाहीत. डोव्हटेलवरून पिकॅटिनीत जाणारा अडॅप्टर तेव्हाच घ्या, जेव्हा उतार हवा असेल. ते पुढे येतंय.

तिसरी पायरी: अखंड की दोन तुकडे

अखंड रेलमुळे दोन्ही रिंगा एका रेषेत राहतात, उतार मिळतो, रिंगांना जागा भरपूर. दोन तुकड्यांचे बेस हलके, आणि इजेक्शन पोर्ट (टरफल बाहेर पडायची खिडकी) मोकळा राहतो. टार्गेटच्या कामाला माझा कौल अखंड रेललाच. मात्र घेण्याआधी एक गोष्ट करून बघा: रेलच्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी पोर्टवर धरा आणि एक डमी काडतूस बोटांनी चेंबरकडे सरकवा. .22 मध्ये एकेक काडतूस भरून मारणाऱ्याला इथे अडचण होते. काडतूस बारीक, पोर्ट अरुंद आणि वरून छत. बोटं अडखळत असतील तर पोर्टच्या बाजूला कापलेली रेल शोधा.

चौथी पायरी: उतार किती?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, त्यामुळे आकडे घालून बघू.

एमओए म्हणजे कोनाचं माप. 100 मीटरवर 1 एमओए सुमारे 29 मिमी. रेल 20 एमओएची म्हणजे ती मागून उंच आणि पुढे उतरती, इतकी की 100 मीटरवर सुमारे 58 सेंटीमीटरचा फरक पडावा. स्कोपचं नाक खाली जातं, त्याच खुणेवर नेम धरायला बॅरल वर उचलावी लागते, आणि टरेटमधला (स्कोपचा नेम वर-खाली करणाऱ्या चकतीतला) वरचा वाव शिल्लक राहतो.

समजा .22 चं स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस आहे, 40 ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला 325 मीटरच्या आसपास. स्कोपचा मध्य बॅरलच्या मध्यापासून 45 मिमी वर. 50 मीटरपर्यंत गोळी साधारण साडेबारा सेंटीमीटर खाली येते. त्यात साइटची उंची मिळवली की 17 सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ 12 एमओए. इतका चढ स्कोपला 50 मीटरच्या झिरोसाठीच द्यावा लागतो. तिथून 100 मीटरवर जायला आणखी 8 एमओए लागतात, आणि 200 मीटरला झिरोपासून तीसच्या आसपास.

आता स्कोपचा एकूण वाव 40 एमओए, म्हणजे मध्यापासून वर 20, खाली 20. सपाट रेलवर 50 मीटरच्या झिरोत 12 गेले, 8 उरले, आणि 100 मीटरला 8 च हवेत. टरेट टोकाला टेकला. 20 च्या रेलवर झिरो मध्याच्या 8 खाली येतो, आणि वर 28 शिल्लक. 30 ची रेल लावली तर झिरो मध्याच्या 18 खाली. तळाला फक्त 2 उरले. स्कोपच्या किंवा रिसीव्हरच्या मापात जरासा फरक निघाला की 50 मीटरचा झिरोच मिळणार नाही.

म्हणून .22 ला 50 ते 100 मीटरसाठी 20 एमओए हा माझा आकडा. मोठ्या बोअरच्या सपाट जाणाऱ्या काडतुसाला 100 ते 300 मीटरमध्ये सपाट रेल पुरते. 20 घेतली तर बिघडत नाही, फक्त स्कोपचा एकूण वाव 50 एमओएच्या वर असू द्या. तुमच्या स्कोपचा वाव त्याच्या कागदावर लिहिलेला असतो. वरचं गणित आपल्या आकड्यांनी एकदा मांडा, मगच ऑर्डर द्या.

पाचवी पायरी: उंची

रेल आणि रिंग यांची उंची एकत्र ठरवायची. ऑब्जेक्टिव्हच्या (स्कोपच्या पुढच्या काचेच्या) घंटेचा बाहेरचा व्यास मोजा. स्कोपच्या नावातला 40 किंवा 50 हा काचेचा आकडा. घंटा त्याहून मोठी असते. समजा बाहेरून 50 मिमी भरली. अर्धे 25, वर बॅरलपासून 3 मिमी मोकळीक, म्हणजे स्कोपचा मध्य बॅरलच्या माथ्यापासून किमान 28 मिमी हवा. त्या जागी रेलचा माथा बॅरलच्या माथ्याहून 10 मिमी उंच असेल, तर रेलच्या माथ्यापासून रिंगच्या मध्यापर्यंत 18 मिमी. 20 एमओएच्या उतारानं घंटा दर 17 सेंटीमीटरला सुमारे 1 मिमी खाली येते, तेवढं धरून ठेवा.

रिंगची उंची काही कंपन्या नळीच्या मध्यापर्यंत सांगतात, काही नळीच्या तळापर्यंत. 30 मिमीच्या नळीत हा फरक 15 मिमीचा होतो, आणि चुकीच्या रिंगा घरी येण्याचं हे सर्वांत मोठं कारण. खरेदीआधी स्पष्ट विचारा.

दुसऱ्या टोकाला बोल्टचा दांडा आहे. बोल्ट पूर्ण उचलल्यावर तो आयपीसला (स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला) घासतो का, आणि बोटाचं पेर मध्ये मावतं का, हे बघा. मावत असेल तर स्कोप जितका खाली तितका गाल स्टॉकवर नीट टेकतो. स्कोप वर गेला की गालाऐवजी हनुवटी टेकते आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. उंची कमी करता येत नसेल तर चीक पीस (स्टॉकवरचा गालाचा आधार) वाढवा.

धातू

.22 ला चांगल्या ॲल्युमिनियमची रेल पुरते. 7075-टी6 लिहिलेली घ्या, 6061 नरम पडते. मोठ्या धक्क्याच्या रायफलला आणि जड स्कोपला स्टील. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. 15 सेंटीमीटरच्या रेलमध्ये 30 अंशांच्या फरकाला रेल आणि रिसीव्हर यांच्यात सुमारे 0.05 मिमीची ओढ तयार होते. एप्रिलच्या दुपारी गाडीत राहिलेल्या रायफलला एवढा फरक सहज मिळतो. स्टीलच्या रेलला ही ओढ नाही, पण आपल्या पावसात गंज आहे. जून ते सप्टेंबर रायफल कव्हरमध्ये बंद ठेवू नका आणि रेलच्या खालच्या कडेवर तेलाचा हात फिरवत राहा. रंग आणि नक्षी यांवर वेळ घालवू नका.

स्क्रू: इथे घाई नको

भोकांचे आटे बहुधा 6-48 किंवा 8-40 मापाचे असतात. 6-48 चा व्यास 3.5 मिमी, इंचात 48 आटे. 8-40 चा व्यास 4.17 मिमी, इंचात 40 आटे. स्क्रू हरवला की आपल्याकडे हात पटकन एम4 कडे जातो, कारण तो कुठल्याही नटबोल्टच्या दुकानात मिळतो. एम4 चा आटा 0.7 मिमीचा, म्हणजे इंचात 36 च. तो 8-40 च्या भोकात दोन फेरे गेल्यासारखा वाटतो, मग अडतो, आणि जोर लावला की रिसीव्हरचे आटे खातो. रिसीव्हरचे आटे गेले की दुरुस्ती मोठी. स्क्रू रेलबरोबर आलेलेच वापरा, आणि एक जादा संच मागवून ठेवा.

लांबीही बघा. पुढचा स्क्रू लांब असेल तर बॅरलच्या आट्यांना टेकतो किंवा बोल्टच्या लगच्या (टोकाशी असलेल्या कुलपाच्या दातांच्या) वाटेत येतो. मागचा लांब असेल तर बोल्टलाच अडतो. रेल कसल्यावर बोल्ट घालून सावकाश चालवा. स्क्रू घट्ट असताना अडतो आणि अर्धा फेरा सैल केल्यावर मोकळा होतो, असं झालं तर तो स्क्रू लांब आहे. घासून आखूड करा, टोक सपाट ठेवा.

बसवणी

रिसीव्हरचा माथा, भोकं, स्क्रू आणि रेलचा तळ ॲसिटोननं पुसून घ्या. भोकात तेल राहिलं तर ते दाबानं पसरतं आणि टॉर्क (स्क्रू कसण्याचा जोर) खोटा दाखवतं.

आता सर्वांत महत्त्वाची चाचणी. रेल ठेवा, फक्त पुढचे दोन स्क्रू हलक्या हातानं कसा आणि मागे रेल-रिसीव्हरच्या मध्ये फीलर गेज घाला. 0.05 मिमीची पाती आत गेली नाही तर छान. मग पुढचे काढा, मागचे कसा, पुढे तेच बघा. 0.10 मिमीची पाती सहज शिरत असेल तर रेल असमान जमिनीवरच्या पाटासारखी डुगडुगते आहे. चारही स्क्रू कसले की ती फट दिसेनाशी होईल, पण रेल वाकून. तो बाक रिंगांमधून थेट स्कोपच्या नळीत जातो. आधी रेल एकटीच सरफेस प्लेटवर तपासा. रेल वाकडी असेल तर परत करा. रेल सरळ आणि रिसीव्हरचाच माथा वरखाली असेल, तर गनस्मिथकडून इपॉक्सी बेडिंग करून घ्या: जे टोक नीट टेकतं तिकडचे स्क्रू कसलेले, उचललेल्या टोकाखाली इपॉक्सीचा पातळ थर, रिसीव्हरवर आणि स्क्रूंवर रिलीज एजंट, आणि त्या टोकाला जोर न देता तसंच वाळू द्यायचं. खर्च किरकोळ आहे, परिणाम मोठा.

यानंतर चारही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे कसा. टॉर्क रेंच हवाच. 6-48 ला 15 ते 20 इंच-पाउंड, म्हणजे 1.7 ते 2.3 न्यूटन-मीटर. 8-40 ला 25 च्या आसपास, 2.8 न्यूटन-मीटर. रेलच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायचा तर निळा, मध्यम ताकदीचा, एक थेंब. तो ओला असताना स्क्रू गुळगुळीत फिरतो, म्हणून टॉर्क खालच्या आकड्यावर ठेवा. लाल थ्रेडलॉकर रायफलच्या जवळही आणू नका.

रिंगा रेलवर घालताना आडवा बोल्ट खाच्यात टाका, रिंग बॅरलच्या दिशेनं पुढे दाबा आणि तशीच धरून कसा. धक्क्यानं रायफल मागे येते, स्कोप जडत्वानं जागीच राहू बघतो. रिंग आधीच खाच्याच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असेल तर तिला सरकायला जागा राहत नाही. वरच्या टोप्या 15 ते 18 इंच-पाउंडवर, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवून. टोप्यांच्या स्क्रूला थ्रेडलॉकर नको.

टोप्या शेवटच्या कसण्याआधी स्कोप पुढे-मागे करून डोळ्याचं अंतर जुळवा. बहुतेक स्कोपना 75 ते 100 मिमी लागतं. ज्या स्थितीत जास्त मारणार, त्याच स्थितीत जुळवा. बेंचवर जुळवलेला स्कोप प्रोनमध्ये डोळ्याच्या फार जवळ येतो.

झिरो आणि नंतर

रेंजवर बोल्ट काढून रायफल सँडबॅगवर ठेवा, बॅरलमधून 25 मीटरवरचं टार्गेट मध्यभागी आणा आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर त्यावर न्या. बोल्ट ॲक्शनची ही मोठी सोय. चार-दोन गोळ्यांत कागदावर याल. मग 50 मीटरचा झिरो.

झिरो झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रेलपर्यंत पांढऱ्या पेंट मार्करची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. पहिल्या पन्नासएक गोळ्यांनंतर टॉर्क पुन्हा तपासा. नव्या रेलचे स्क्रू एकदा बसकण घेतात. त्यानंतर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या सरावाआधी, एकदा. तेव्हा रेघा जागच्या जागी असूनही मार सरकलेला दिसला, तर टरेटला हात लावण्याआधी काडतुसांचा लॉट बदललाय का ते बघा. .22 मध्ये लॉट बदलला की मार बदलतो, आणि त्यात रेलचा काही दोष नसतो.